आगरकर जिवंत होते आणि पुण्यात त्यांची प्रेतयात्रा निघाली..

पुण्यातल्या रस्त्यावरून एक प्रेतयात्रा चालली होती. तिरडी होती, खांदेकरी होते, पुढं मडकं धरणारा होता, मागं बोंबलत चाललेली माणसं होती. फक्त तिरडीवर प्रेत नव्हतं, गवताचा पुतळा होता. ज्याच्या नावानं तो पुतळा बांधला होता तो माणूस घरात जिवंत होता. यात्रा मुद्दाम त्याच्याच दारावरून नेण्यात आली, म्हणजे त्याला स्वतःचं मरण स्वतःच्या डोळ्यांनी बघता यावं.

तो माणूस काही गुंड नव्हता की सावकार नव्हता. तो फर्ग्युसन कॉलेजात पोरांना इतिहास आणि तर्कशास्त्र शिकवायचा. दम्याचा पेशंट होता. त्याचा गुन्हा एवढाच की मास्तरकी करता करता तो एक पेपर चालवत होता आणि त्या पेपरात कुणाचीच भीडभाड ठेवत नव्हता. सनातन्यांची नाही, सरकारची नाही आणि ज्यांच्यासोबत कॉलेज उभं केलं त्या सहकाऱ्यांचीही नाही.

गोपाळ गणेश आगरकर.

अंधेरी स्टेशनच्या पूर्वेला बाहेर पडलं की आगरकर चौक लागतो. रोज हजारो लोक तिथं बस पकडतात. शाळेच्या पुस्तकात त्यांच्यावर दोन ओळी असतात, टिळक म्हणाले आधी स्वराज्य, आगरकर म्हणाले आधी सुधारणा, संपला विषय. पण त्या दोन ओळींच्या मधे जे घडलं ते एखाद्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये आजही घडू शकेल असं आहे. पगार, देणगी, बहुमत, मैत्री, कोणत्या नावानं काय छापायचं.. सगळं त्यात आहे.

सुरुवात टेंभूपासून करावी लागते.

दुष्काळी भागाला पाणी देणारी टेंभू उपसा सिंचन योजना ऐकली असेल. कराडजवळ कृष्णाकाठचं तेच हे टेंभू. तिथं १४ जुलै १८५६ ला आगरकरांचा जन्म झाला. घरची परिस्थिती इतकी बेताची की शिकण्यासाठी पोराला कराडात नातेवाइकांकडं ठेवावं लागलं. पुढची इयत्ता कराडात नव्हती म्हणून गडी रत्नागिरीला गेला, तेही चालत. तिथं खायचे वांधे झाले म्हणून परत आला. मग मामलेदार कचेरीत उमेदवारी केली, दवाखान्यात औषधं देण्याचं काम केलं. शेवटी अकोल्याला नातेवाइकांचा आसरा मिळाला आणि १८७५ ला मॅट्रिक झाली.

अकोल्याच्या शाळेत विष्णु मोरेश्वर महाजनी नावाचे शिक्षक भेटले. हुशार आणि फाटका असा विद्यार्थी कसा सांभाळायचा हे त्यांना कळत होतं. त्यांच्या मदतीनं आगरकर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले. अंगावर एकच सदरा. रात्री धुवायचा, सकाळी तोच घालून वर्गात जायचं. वऱ्हाडातल्या पेपरात लेख लिहून, स्कॉलरशिप आणि बक्षिसं मिळवून दिवस काढायचे. पेपर हा प्रकार त्यांच्या आयुष्यात आला तो आधी फी भरण्यासाठी, क्रांती वगैरे नंतरची गोष्ट.

याच कॉलेजात त्यांना मिल आणि स्पेन्सर सापडले. परंपरा सांगते म्हणून नाही, तर बुद्धीला पटतं म्हणून मान्य करायचं ही सवय इथं लागली ती कायमची.

आणि इथंच त्यांना टिळक सापडले.

एक एम.ए.चा अभ्यास करतोय, दुसरा वकिलीचा. दोघांचं वय एकच, दोघंही १८५६ सालचे, अवघ्या नऊ दिवसांचं अंतर. दोघांच्या रात्र-रात्र गप्पा चालायच्या. विषय एकच, शिकून सरकारी नोकरी धरायची की दुसरं काही करायचं. दोघांनी ठरवलं, सरकारी नोकरी करायची नाही. आपली शाळा काढायची.

त्या काळात एम.ए. झालेला पोरगा म्हणजे घराण्याचं नशीब उघडलं असं समजलं जायचं. मामलेदारी, मुन्सफी, घरी घोडा, दारी शिपाई. टेंभूच्या आईचंही तेच स्वप्न असणार. आगरकरांनी आईला पत्र लिहून ते स्वप्न मोडलं. मुलगा मोठ्या पगाराची नोकरी करील ही आशा सोडून दे, पोटापुरतं मिळवून बाकीचा वेळ मी लोकांसाठी घालवणार आहे, अशा अर्थाचं ते पत्र होतं. महाराष्ट्रात त्या पत्राचं फार कौतुक होतं. ते वाचून त्या माऊलीला काय वाटलं असेल हे मात्र कुणी लिहून ठेवलेलं नाही.

शाळा काढायचा विचार आणखी एका मास्तराच्या डोक्यात होता. विष्णुशास्त्री चिपळूणकर. सरकारी शाळेत नोकरी आणि बाहेर निबंधमाला नावाचं मासिक, त्यात इंग्रजांपासून मिशनऱ्यांपर्यंत सगळ्यांची खिल्ली. पुण्याहून रत्नागिरीला बदली झाली तेव्हा त्यांनी नोकरीवर पाणी सोडलं. १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं. चिपळूणकर, टिळक, माधवराव नामजोशी, मग वामन शिवराम आपटे आणि परीक्षा आटोपल्यावर आगरकर.

वर्षभरात या मास्तरांनी दोन पेपर काढले. २ जानेवारी १८८१ ला इंग्रजी मराठा आणि ४ जानेवारीला मराठी केसरी. मराठ्याचे संपादक टिळक आणि केसरीचे संपादक आगरकर. हो, केसरीचे पहिले संपादक आगरकर. आज हे सांगितलं तर निम्म्या लोकांना धक्का बसतो.

छापखाना आर्यभूषण. खिळे ठेवायच्या पेट्या या मंडळींनी स्वतःच्या खांद्यावरून मोरोबादादांच्या वाड्यात आणल्या असं सांगतात. सकाळी शाळेत व्याकरण शिकवायचं, संध्याकाळी अग्रलेख लिहायचा, रात्री प्रुफं तपासायची.

मराठीत पेपर आधीही होते. पण बरेचसे पेपर सरकारी अंमलदाराचं नाव घेताना घसा खाकरायचे. केसरीनं घसा खाकरला नाही. आणि पहिल्याच फटक्यात अडकला.

प्रकरण कोल्हापूरचं होतं. कोल्हापूरचे तरुण महाराज चौथे शिवाजी यांची मनःस्थिती बरी नाही असं सांगून त्यांना बंदोबस्तात ठेवलं होतं. कारभार दिवाण माधवराव बर्वे यांच्या हातात. महाराजांचा छळ चाललाय आणि त्यामागं दिवाण आहेत अशी कुजबुज होती. केसरी आणि मराठ्यानं ती कुजबुज मोठ्या आवाजात छापली. दिवाणांच्या नावची काही पत्रं हाती आली होती, त्यांच्यावर भरवसा ठेवला.

बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि ती पत्रं बनावट निघाली.

इथं या मास्तरांचं चुकलंच. कागद तपासल्याशिवाय छापायचा नसतो हे पत्रकारितेतलं पहिलं कलम. कोर्टात त्यांनी दिलगिरी व्यक्त केली, पण बर्वे मागं हटले नाहीत. जुलै १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली.

मधल्या काळात जामिनाचा प्रश्न आला होता. दहा हजारांचा जामीन. मास्तरांकडं कुठून येणार? तो उभा राहिला रामशेठ उरवणे यांच्यामुळं आणि उरवण्यांना पुढं केलं होतं जोतीराव फुल्यांनी. चिपळूणकरांनी निबंधमालेत फुल्यांची जी टर उडवली होती ती आठवली की या जामिनाचं वजन कळतं. चिपळूणकर ते बघायला उरले नव्हते. १७ मार्च १८८२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीच ते गेले होते.

मुंबईतला डोंगरीचा तुरुंग. एका खोलीत दोघं मित्र. चांगल्या वागणुकीची सूट मिळून १०१ दिवस भरले. त्यात दोघांचे वाद इतके चालायचे की पहारेकऱ्यांना येऊन गप्प बसा म्हणावं लागायचं. शाळेचं पुढं काय, कॉलेज काढायचं का, समाज आधी की राज्य आधी.. जो वाद पुढं दोघांना वेगळं करणार होता त्याची तालीम इथंच झाली असं म्हणायला हरकत नाही.

२६ ऑक्टोबर १८८२ ला सुटले तेव्हा लोकांनी मिरवणूक काढून स्वागत केलं. आगरकरांनी लगेच 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस' हे पुस्तक लिहिलं. तुरुंगवासाची रडगाणी गायची सोडून त्यांनी तुरुंगाचीही थट्टा केली, स्वतःचीही केली. शेक्सपिअरच्या हॅम्लेटचं मराठी रूपांतरही त्यांनी केलं, 'विकारविलसित' नावानं. दरम्यान ज्या महाराजांसाठी हा सगळा खटाटोप केला ते १८८३ च्या डिसेंबरात अहमदनगरच्या किल्ल्यात, राखणीला ठेवलेल्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत मेले.

२४ ऑक्टोबर १८८४ ला डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, आणि २ जानेवारी १८८५ ला फर्ग्युसन कॉलेज. मुंबईचे गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांचं नाव कॉलेजला दिलं. सव्वादोन वर्षांपूर्वी तुरुंगातून आलेल्या मास्तरांचं कॉलेज आणि नाव गव्हर्नरचं, यातली गंमत पुणेकरांच्या नजरेतून सुटली नसेल.

कॉलेज आलं, तसा पेपरचा त्रास वाढला.

शाळा लहान असते तेव्हा चार मास्तर काहीही छापू शकतात. कॉलेजला मात्र इमारत लागते, इमारतीला देणग्या लागतात, देणग्या संस्थानिक आणि सरदार देतात, मान्यता विद्यापीठ देतं आणि ग्रँट सरकार देतं. या सगळ्यांची मर्जी सांभाळायची आणि त्याच मास्तरांच्या पेपरातून यांच्याच चालीरीतींवर आसूड ओढायचे, हे जमणार कसं?

शिवाय केसरी एकट्या आगरकरांचा नव्हता, तो सगळ्या मंडळींचा होता. संपादक म्हणून नाव आगरकरांचं, पण पेपरचं मत म्हणजे बहुमताचं मत. राजकारणावर लिहिताना अडचण नव्हती, तिथं सगळे एक. अडचण आली ती घरात शिरल्यावर. १८८४ ला बेहरामजी मलबारींनी बालविवाहावर आवाज उठवला. मग रखमाबाईंचा खटला आला. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेली मुलगी मोठी झाल्यावर नवऱ्याकडं नांदायला नकार देते, कोर्टात उभी राहते. १८८७ मध्ये कोर्टानं सांगितलं, नवऱ्याकडं जा नाहीतर तुरुंगात जा. ती म्हणाली तुरुंगात जाते.

आगरकर रखमाबाईंच्या बाजूनं होते. टिळक विरोधात होते. बाकीचे बहुतेक टिळकांच्या बाजूला.

म्हणजे संपादकाला स्वतःच्याच पेपरात स्वतःचं मत मांडायची चोरी झाली. लिहायचंच असेल तर ते वैयक्तिक मत म्हणून, पेपरचं म्हणून नाही, अशी व्यवस्था झाली. काही दिवस ती चालली. पण मास्तर असो की संपादक, असल्या तडजोडीत माणूस आतून किडत जातो. ऑक्टोबर १८८७ मध्ये केसरीवर प्रकाशक म्हणून टिळकांचं नाव आलं आणि आगरकर बाजूला झाले.

या भांडणाला फक्त तत्त्वाचा रंग होता असं समजू नका. पैशांचाही होता. सोसायटीचे आजीव सदस्य ठरावीक तुटपुंज्या पगारावर काम करायचे. टिळकांचं म्हणणं, हा त्याग आहे, जेझुइट पाद्र्यांसारखं राहायचं, बाहेरची कमाई नको, पगारवाढ नको. आगरकरांनी पगारात थोडी वाढ मागितली. घरात बायकापोरं, अंगात दमा, डोक्यावर खर्च. टिळकांनी विरोध केला. होळकर महाराजांनी दिलेल्या देणगीवरून आणखी खटके उडाले. ती रक्कम व्यक्तीची की संस्थेची, असा तो प्रश्न होता. एका खोलीत १०१ दिवस काढलेले दोन मित्र आता मिटिंगमध्ये एकमेकांच्या ठरावांविरुद्ध मतं देत होते.

दोघांपैकी कुणी लबाड नव्हतं, म्हणून ते जास्त लागतं. टिळकांना संस्था मठासारखी शिस्तीत हवी होती. आगरकरांना वाटायचं, संस्थेला आयुष्य दिलं म्हणजे डोकं दिलं असं होत नाही.

मग त्यांनी ते केलं जे त्यांच्या खिशाला अजिबात परवडणारं नव्हतं. स्वतःचा पेपर काढला.

१५ ऑक्टोबर १८८८, सोमवार. सुधारकचा पहिला अंक. अर्धा मराठी, अर्धा इंग्रजी. मराठी बाजू आगरकरांची. इंग्रजी बाजूला कोण? फर्ग्युसनमधलाच एक बावीस वर्षांचा पोरगेला प्राध्यापक, गोपाळ कृष्ण गोखले. पुढं गांधीजींनी ज्यांना गुरू मानलं तेच गोखले. म्हणजे एका कॉलेजात आता दोन पेपरवाले गट झाले. एका बाजूला केसरी, दुसऱ्या बाजूला सुधारक. सकाळी एकाच इमारतीत शिकवायचं आणि आठवड्यातून एकदा एकमेकांची सालटी काढायची. विद्यार्थ्यांची चंगळ झाली असणार.

सुधारक हा सोसायटीचा पेपर नव्हता. त्यामुळं आता कुणाचं बहुमत घ्यायचं नव्हतं. आणि आगरकर सुटले.

त्यांच्या लेखांची नुसती नावं वाचली तरी अंदाज येतो. अंत्यविधींवरच्या लेखाचं नाव 'शहाण्यांचा मूर्खपणा अथवा आमचे प्रेतसंस्कार'. माणूस मेल्यावर घरात जे जे चालतं ते त्यांनी एका परक्या माणसाच्या नजरेनं बघितलं आणि त्यातला हास्यास्पदपणा उघडा केला. ज्या माणसानं प्रेतसंस्कारांची टिंगल केली त्याचीच खोटी प्रेतयात्रा निघाली, हा पुण्याचा न्याय.

दुसरा लेख 'स्त्रियांनी जाकिटे घातली पाहिजेत'. आज हसू येईल. पण बाईनं काय घालावं यावर लाजलज्जा सोडून, सोय आणि आरोग्य या मुद्द्यांवर मराठीत कुणी बोलत नव्हतं तेव्हाची ही गोष्ट आहे. मुलामुलींना एकच शिक्षण द्या आणि तेही एकाच वर्गात द्या, असंही त्यांनी लिहिलं. विधवांच्या केशवपनावर लिहिलं. मुलीचं लग्न तिच्या मनानं व्हावं यावर लिहिलं. जातिभेदावर लिहिलं. शेंडी, पागोटं, सोवळं, ग्रहणातल्या आंघोळी, काही सोडलं नाही. ज्या गोष्टींवर माणसं कुजबुजतही नव्हती त्या छापून विकल्या.

भाषा कशी? वकिली नाही, कीर्तनीही नाही. मास्तर फळ्यासमोर उभा राहून गणित सोडवतो तशी. आधी समोरच्याचं म्हणणं मांडायचं, मग ते एक एक पायरी उसवत न्यायचं. मधेच असा चिमटा काढायचा की वाचणारा हसता हसता स्वतःवरच हसतोय हे त्याला उशिरा कळतं. भाषेची बैठक पक्की होती. त्याच सुमारास त्यांनी 'वाक्यमीमांसा' हे व्याकरणावरचं पुस्तक लिहिलं. दर आठवड्याला शिव्या खाणारा माणूस मराठी वाक्याचे भाग पाडत बसलाय, हे चित्र आगरकरांचं आहे.

सरकारलाही त्यांनी सोडलं नाही. सुधारक म्हणजे इंग्रजांचा भाट असा जो आरोप व्हायचा तो आगरकरांना चिकटत नाही. देशाची गरिबी, परदेशी राज्यात होणारी लूट यावर त्यांनी तितक्याच तिखटपणे लिहिलं. फरक एवढाच की इंग्रजाला दोष देताना ते घरातल्या दोषावर पांघरूण घालत नव्हते.

मग आला संमतिवयाचा कायदा. बंगालात फुलमणी नावाची मुलगी नवऱ्याच्या बळजबरीनं मेली. त्यानंतर संमतीचं वय १० वरून १२ करणारा कायदा आला. पुणं पेटलं. टिळकांचा मुद्दा असा की परक्या सरकारनं आमच्या धर्मात हात घालू नये. आगरकरांचा मुद्दा असा की लोक सुधारत नसतील तर कायद्यानं सुधारावं, पोरींनी किती पिढ्या वाट बघायची? सभा उधळल्या गेल्या, केसरी आणि सुधारक समोरासमोर आले. १९ मार्च १८९१ ला कायदा झाला. त्याआधीच, १८९० च्या अखेरीस टिळकांनी सोसायटीचा लांबलचक राजीनामा दिला होता. ज्या संस्थेसाठी दोघांनी सरकारी नोकऱ्या नाकारल्या ती टिळकांनी सोडली, आगरकर राहिले.

टिळक गेल्यावर गणित शिकवायला माणूस हवा होता. मुंबईहून एक मास्तर बोलावले, धोंडो केशव कर्वे. ते १८९१ मध्ये रुजू झाले.

पुढच्या वर्षी प्राचार्य आपटे वारले आणि आगरकर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले.

इथं खरा पेच होता. आजवर ते व्यवस्थेबाहेरून दगड मारत होते असं म्हणता आलं असतं. आता ते स्वतःच व्यवस्था होते. देणग्या गोळा करायची जबाबदारी त्यांची, पालकांना तोंड द्यायची जबाबदारी त्यांची. मुलांना असल्या नास्तिकाच्या कॉलेजात घालायचं का, असं विचारणारे पुण्यात कमी नव्हते. पेपर बंद केला असता तर कुणी दोष दिला नसता. सुधारक चालू राहिला.

आणि ११ मार्च १८९३ ला कॉलेजातल्या त्या गणिताच्या मास्तरांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. कर्व्यांच्या मुरूड गावानं त्यांच्यावर बहिष्कार टाकला. फर्ग्युसननं टाकला नाही. कर्वे पुढं वीस एक वर्षं तिथंच शिकवत राहिले आणि त्याच पगारावर हिंगण्याची संस्था उभी केली. त्या दिवसांत प्राचार्याच्या खुर्चीत दुसरा कुणी असता तर काय झालं असतं याचा विचार ज्यानं त्यानं करावा.

घरात मात्र हा आगरकर वेगळा होता. पत्नी यशोदाबाई धार्मिक वळणाच्या. त्यांची व्रतं, उपासतापास, सोवळंओवळं चालू असायचं. बाहेर देवधर्माची चिरफाड करणाऱ्या नवऱ्यानं घरात त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. विरोधक त्यावरून टोमणे मारायचे की आधी घर सुधारा. पण बायकोचं मन तिचं आहे, हे न मानता स्त्रीच्या हक्कांवर लेख लिहिणं त्यांना जमलं नसतं. त्याची किंमत यशोदाबाईंनीही दिली. शेजारपाजारच्या बायकांचं बोलणं, हळदीकुंकवातला दुरावा, दारावरून गेलेली ती तिरडी. सौभाग्याला जपणाऱ्या बाईनं स्वतःच्या नवऱ्याची प्रेतयात्रा बघितली. आगरकरांना त्याचं हसू आलं असेल, त्यांना कसं येणार?

दमा सोबतीला होताच. वर्गात शिकवायचं, कॉलेजचा कारभार बघायचा, रात्री खोकत खोकत अंक पुरा करायचा. अशी सात वर्षं काढली.

१७ जून १८९५ ला आगरकर गेले. वय ३८, एकोणचाळीस पूर्ण व्हायला महिनाभर कमी.

त्यांच्या उशाशी एक पुरचुंडी सापडली असं सांगतात. त्यात थोडे पैसे आणि एक चिठ्ठी. पैसे त्यांच्या अंत्यविधीच्या खर्चाचे होते. आपल्यामागं बायकोला कुणापुढं हात पसरायला लागू नये म्हणून त्यांनी ते आधीच बांधून ठेवले होते. फर्ग्युसन कॉलेजच्या प्राचार्याकडं मरताना एवढीच शिल्लक होती.

केसरीत मृत्युलेख लिहिला टिळकांनी. इतकी वर्षं एकमेकांना सोलून काढलं होतं, पण त्या लेखात जुना मित्र परत आला. लेख सांगताना टिळकांना रडू आवरत नव्हतं, एरवी तासाभरात होणाऱ्या मजकुराला त्या दिवशी कितीतरी तास लागले, असं त्यांच्या जवळची माणसं सांगत.

आगरकर गेले तो दिवस सोमवार होता. सुधारकचा पहिला अंक निघाला होता तोही सोमवारच.